बारा वाजून पाच मिनिटांची फांदी

१२ मार्च

बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. गुडघे दुखतात, हात थरथरतात आणि तोंड पूर्वीसारखंच चालतं. तेव्हा उभ्याने वाचत असशील तर खाली बस आणि सावकाश वाच.

कागदावर का लिहितेय, ते तुला माहीत आहे. तुझा जुना नंबर आता एका गृहस्थांकडे गेलाय. मी त्यांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ते फार सभ्यपणे बोलले, पण तो तू नव्हतास. संगणकाला तू हात लावत नाहीस. राहता राहिला टपालवाला. मागच्या वर्षी तू आईला कार्ड पाठवलंस त्यावर तुमच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्याचा शिक्का होता. ते कार्ड ती गादीखाली ठेवते आणि मला दाखवत नाही. पण चादर बदलायला मीच असते.

मी अजून तिथेच आहे. तोच मजला, तीच खिडकी, खुर्ची तेवढी बदलली. तू होतास तेव्हा साठ दवाखान्यांच्या रुग्णांची माहिती आपण सांभाळायचो. आता एकशे चाळीस दवाखाने गळ्यात आहेत आणि माणसं दोन कमी. थकले रे. सकाळी जिना चढून वर गेले की पाच मिनिटं नुसती बसून राहते, आणि लोकांना वाटतं मी विचार करतेय.

नवीन बातमी म्हणजे एक बाई आल्या आहेत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कामाला वाघ. आल्या दिवसापासून "फांदी काढा, फांदी काढा" एवढंच बोलतात, म्हणून सगळे त्यांना फांदीवाली म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे.

आठवतं ना आपलं काय चालायचं? खऱ्या माहितीची सरावासाठी एकच प्रत, आणि तिच्यावर टपलेली अकरा माणसं. एकाने काही बदल करून बघितला की दुसऱ्याची चाचणी फसायची, मग तिसरा चौथ्यावर ओरडायचा. म्हणून ते लाकडी बदक आणलं होतं. ज्याच्या टेबलावर बदक, त्याची प्रत, बाकीच्यांनी हात बांधून बसायचं. "बदक कुणाकडे आहे?" हे वाक्य मी त्या ऑफिसात जितकं ऐकलं तितकं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. आणि प्रत शिळी झाली की ती ताजी करायला नऊ तास. त्या नऊ तासांत तुम्ही सगळे कॅन्टीनमध्ये देशाचा कारभार चालवायचात.

आता हे सगळं दोन सेकंदांत होतं. खरं सांगते, दोन सेकंद. प्रत्येकाने खऱ्या माहितीवरून आपली फांदी काढायची. फांदी म्हणजे सगळं पुन्हा उतरवून काढणं नाही. मूळ आहे तसंच राहतं, तू जेवढं बदलशील तेवढंच वेगळं लिहिलं जातं. रुग्णांची नावं-पत्ते आपोआप झाकलेले. हवी तशी मोडतोड कर, चाचणी घे, काम झालं की फांदी तोडून टाक, मूळ झाडाला पत्ताही नाही. एक बदल, एक फांदी. कुणी कुणाची वाट बघत नाही. जो दोष शोधायला आपला आठवडा जायचा तो परवा एकाने दुपारच्या जेवणाआधी पकडला. मी बघत उभी होते. आनंद व्हायला हवा होता. मला आपला उगाच राग आला, की हे आधी का नाही आलं.

आई म्हणते, "त्या धांदरटाला लिहितेयस तर वेळेवर जेव म्हणावं." लिहिलं.

ताई


२९ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर आलं. "पत्र मिळालं. मी ठीक. इथला मिस्त्री हसतो, म्हणतो तू एकच माप चारदा घेतोस. आईला जप." मोजून पंधरा शब्द. तुझ्याकडून पंधरा शब्द म्हणजे भाषणच झालं. आईने माझ्याकडून ते पाच वेळा वाचून घेतलं. पाचव्या वेळी म्हणाली, "आता घेतोय मापं. तेव्हा घेतली असती तर."

कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले.

ऑफिसात एक गोष्ट झाली ती सांगायला लिहितेय. तुला नको असेल तर इथेच पत्र बंद कर.

आपल्या लोखंडी कपाटात नियम म्हणून ठेवलेलं सगळं जुनं फांदीवालीने नव्या यंत्रणेत चढवलं. रोजच्या साठवणी आणि मिनिटामिनिटाला काय बदललं त्याची नोंदवही, नऊ वर्षांची. आता कुठल्याही दिवसाच्या कुठल्याही मिनिटावरून फांदी काढता येते. तारीख सांग, वेळ सांग, त्या क्षणी माहिती जशी होती तशी समोर हजर. वरच्या मंडळींना हे करून दाखवायचं ठरलं. दाखवायला एखादी जुनी भानगड हवी. मोठे साहेब म्हणाले, "मग चार वर्षांपूर्वीचीच घ्या की. सगळ्यांना ठाऊक आहे, समजायला सोपी."

फांदीवालीने विचारलं, "कुठली?"

साहेबांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. तुझ्यामागे तुझी गोष्ट कशी सांगतात ते तुला कळायला हवं.

"ताईंचा भाऊ होता इथे. हुशार माणूस. एकाच रुग्णाच्या दोन-दोन नोंदी झाल्या होत्या, त्या जोडून एक करायची स्क्रिप्ट त्याने लिहिली. चुका सापडाव्यात म्हणून आधी सरावाच्या प्रतीवर चालवायची, ती खऱ्या माहितीवर चालवली. चारशे बारा नोंदी एकमेकींत मिसळल्या आणि पाच दिवस कुणाला पत्ता नाही. शिवणकाम करणारी एक बाई होती. तिच्याच नावाची, त्याच जन्मतारखेची दुसरी एक निघाली. दोघींची एक झाली. हिच्या नोंदीत लिहिलं होतं, मूत्रपिंड अशक्त आहे, अमुक इंजेक्शन देऊ नये. ती ओळ उडाली. दवाखान्याने इंजेक्शन दिलं. उजवा कान गेला बाईचा."

"पण प्रत्येक प्रतीला पाटी असते ना?" फांदीवाली म्हणाली. प्रतीच्या आत ती एक ओळ असते बघ, 'मी खरी' किंवा 'मी सराव'. ती आपण सगळे पाटीच म्हणायचो. "स्क्रिप्ट आधी पाटी वाचत नव्हती?"

"वाचत होती म्हणे. घाईत हाताने काढली असणार ती तपासणी."

"काढली असणार, की काढली?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चार वर्षं झाली आता." आणि माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, ती बाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं, असं आई म्हणाली असती. पण आई तिथे नव्हती.

त्या शिवणकामाच्या बाईंकडे मी अजून कपडे टाकते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. चार वर्षांत माझं एकही धड कापड उसवल्याशिवाय राहिलेलं नाही. धड असलं तर मीच उसवते. त्या म्हणतात, डावीकडून बोला, इकडून ऐकू येत नाही. मी त्यांच्या उजवीकडे उभी राहते आणि मग सरकते.

ताई


९ एप्रिल

बारक्या,

आज ते दाखवणं झालं. वरची मंडळी चौघं आली होती, त्यांतला एक पूर्णवेळ फोनमध्ये.

फांदीवालीने सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, तुम्ही त्या दिवशी इथे होतात. कुठल्या मिनिटावरून फांदी काढू?"

मी म्हटलं, "बारा चाळीस."

दोन सेकंदांत तो दिवस उभा राहिला. चारशे बारा नोंदी मिसळलेल्या. पाटीवर 'खरी'. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब म्हणाले, "बघा, पाटी व्यवस्थित होती, म्हणजे तपासणी काढल्याशिवाय स्क्रिप्ट चालणं शक्य नाही." जुनाच निष्कर्ष, नव्या यंत्रावर.

तुला कळवावं म्हणून लिहिलं. वाईट वाटून घेऊ नकोस. नवं काहीच नाही यात.

मला बरं वाटत नाहीये. अन्न जात नाही. वय झालं, दुसरं काय.

ताई


शनिवार, १७ एप्रिल

बारक्या,

सोबत नऊ एप्रिलचं पत्र आहे. ते मी टाकलं नव्हतं, पर्समध्ये घेऊन फिरत होते. आज दोन्ही एकाच पाकिटात घालतेय. आठ दिवसांपूर्वीपर्यंत मी काय करत होते, ते तुला माझ्याच अक्षरात दिसावं. आधी ते वाच. मग हे.

बारा चाळीस मी मुद्दाम सांगितलं.

त्या दिवशी सकाळी एका दवाखान्याचा फोन होता, एक रुग्ण यादीत दिसत नाही म्हणून. मोजून बघायचं होतं. खऱ्या माहितीत शिरायचं तर साहेबांची सही लागायची आणि साहेब बैठकीत. आपलं मोजणीचं साधन फक्त स्वतःला 'सराव' म्हणवणारी प्रत उघडायचं. सरावाची प्रत तर ताजी होत होती, बंद होती. मग मी खऱ्या प्रतीच्या पाटीवरचं 'खरी' पुसलं आणि 'सराव' लिहिलं. अकरा बेचाळीसला. दहा मिनिटांचं काम होतं. मोजायचं आणि पाटी परत फिरवायची. त्याआधी सात-आठ वेळा केलं होतं मी ते. माहितीची राखणदार मी, मला कोण विचारणार.

मोजलं. रुग्ण सापडला. आणि मी चहाला गेले.

कसला फोन आला नव्हता, घरी कुणी पडलं नव्हतं, काही काही नव्हतं. हिशेबखात्यातल्या बाईंनी हाक मारली, मी गेले, आणि आम्ही दोघी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत बसलो. जाताना बारा वाजत आले होते. वाटलं, प्रत आता ताजी झालीच असेल, पुढची पाळी तुझी. म्हणून बदक तुझ्या टेबलावर ठेवून गेले. तू बाहेर होतास. आल्यावर बदक बघितलंस आणि बारा पाचला कामाला लागलास. प्रत ताजी व्हायला त्या दिवशी उशीर झाला होता. 'सराव' म्हणवणारी एकच प्रत उघडी होती, आणि ती खरी होती.

बारा एकतीसला मी परत आले, जीभ चावली आणि पाटी फिरवली. तू तोवर स्क्रिप्ट चालवून जेवायला गेला होतास, हे मला माहीत नव्हतं. एवढं तरी खरं धर. पाच दिवसांनी दवाखान्याचा फोन आला तेव्हा मला सगळं एका दमात कळलं.

चौकशीत तुला सगळे विचारत होते आणि तू एकच सांगत होतास की तपासणी होती. त्या मिनिटाला माहिती कशी होती ते बघता येईल का, असं साहेबांनी मला विचारलं होतं. तुला हे कुणी सांगितलं नसेल. मी म्हटलं, तीन दिवस लागतील आणि रिकामं यंत्रही नाही. दोन्ही खरं होतं. पण यंत्र मागून आणता आलं असतं आणि तीन दिवस कुणीही थांबलं असतं.

मग तू मला जिन्यात गाठलंस. "ताई, तू त्या दिवशी पाटीला हात लावला होतास का?"

मी म्हटलं, "नाही."

तू म्हणालास, "मग मीच काहीतरी केलं असणार."

आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, बारक्या. तो हात मला आजही आठवतो. तू राजीनामा दिलास, त्या बाईंना इस्पितळात जाऊन भेटलास, धंदा सोडलास, गाव सोडलंस. जायच्या दिवशी मी तुला डबा भरून दिला.

आईचं औषधपाणी माझ्या नोकरीवर होतं, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण ते मला नंतर सुचलं. जिन्यात त्या क्षणी मी फक्त घाबरले होते.

आता आजचं. शनिवारी ऑफिसात कुणी नसतं. भर दुपारी गेले. एक फांदी काढली, बारा वाजून पाच मिनिटांवरून. पाटी उघडली. 'सराव'. बदलणाऱ्याचं नाव माझं, वेळ अकरा बेचाळीस. हे मला माहीतच होतं, तरी दोनदा वाचलं. मग त्या फांदीवरून आणखी एक फांदी काढली आणि तिच्यात एकच ओळ बदलली. 'सराव' पुसून 'खरी' लिहिलं. त्या दिवशी असायला हवं होतं तसं. बाकी सगळं तेच, तेच रुग्ण, तेच मिनिट. आणि तुझी स्क्रिप्ट, त्या दिवशीच्या साठवणीत होती तशीच, चालवली.

ती थांबली. एकाही नोंदीला हात लावला नाही. पडद्यावर तू लिहून ठेवलेली ओळ आली, "थांबलो आहे. ही खरी प्रत आहे. ताईला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका."

ही ओळ मी याआधी कधी वाचली नव्हती. तुझी स्क्रिप्ट कधी तिथवर पोचलीच नव्हती. विश्वास बसेना म्हणून नवी फांदी काढून पुन्हा चालवली. मग पुन्हा. प्रत्येक वेळी थांबली आणि प्रत्येक वेळी मला विचारायला सांगत राहिली. तू यंत्राला विचारलंस, त्याला मी खोटं बोलायला लावलं होतं. मग मला येऊन विचारलंस.

तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं. हे मोठ्या अक्षरात लिहिणार होते, पण मग वाटलं, साध्या अक्षरात लिहिलेलं तुला जास्त खरं वाटेल. माप दोनदा घे, सगळेच घेतात. चारदा घ्यायची तुला गरज नाही.

सोमवारी साहेबांना सांगणार आहे. हे पाकीट आज, त्याआधी पेटीत टाकतेय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मी स्वतःला ओळखते.

ताई


६ मे

बारक्या,

तुझं पत्र नाही. अपेक्षाही नव्हती. तरी टपालवाला दिसला की मी उठते, आणि तो आता लांबूनच मान हलवतो.

त्याच सोमवारी साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. चार वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरता? भाऊ तिकडे सुखात असेल." मी म्हटलं, "तो एकच माप चारदा घेतो." त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मग मी फांदीवालीला आत बोलावलं आणि दोन्ही फांद्या त्यांच्यासमोर उघडल्या. तुझी ओळ पडद्यावर आली तेव्हा ती बाई हळूच म्हणाली, "मला त्या दिवशी वाटलंच होतं, बारा चाळीस का." तिला माझी दया आली की राग, ते मी विचारलं नाही. तिने त्या दोन फांद्या तोडलेल्या नाहीत. नव्या माणसांना शिकवताना दाखवणार म्हणते. खऱ्या प्रतीची पाटी आता कुणालाच, राखणदारालाही, एकट्याने बदलता येणार नाही, अशी सोयही तिने केली. जे मला दहा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं, ते तिने एका दुपारी केलं.

राखणदारी माझ्याकडून काढून घेतली. दवाखान्यांचे फोन घ्यायचं काम दिलंय. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. घालवून दिलं नाही, कारण मला घालवलं असतं तर त्यांना कारण लिहावं लागलं असतं. तुझ्यासाठी मात्र मी पत्र लिहून घेतलं. दुसऱ्यांदा लिहून घेतलं, कारण पहिल्यात त्यांनी 'गैरसमज' हा शब्द घातला होता. सोबत जोडलंय. त्यात तुझं काम निर्दोष होतं असं लिहिलंय आणि खाली सही आहे.

शिवणकामाच्या बाईंकडेही गेले. डाव्या बाजूला उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्या हातातलं कापड घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं येता आणि आधी माझ्या उजव्या कानाशी काहीतरी पुटपुटता. मला ओठ हललेले दिसायचे. वाटायचं, ही बाई देवाचं नाव घेत असेल." मी म्हटलं, "नाही. हेच सांगत होते." त्या म्हणाल्या, "तुमचे दोन कपडे झालेत, ते घेऊन जा. आणि पुन्हा इथे येऊ नका. भावाला मात्र सांगा, तो इस्पितळात माझ्या पायाशी बसून रडला होता. त्याने पुन्हा यावं, मी आता बरी आहे." मी कपडे घेऊन आले. ते अजून पिशवीतच आहेत.

आईला रविवारी सांगितलं. सगळ्यांत कठीण तेच होतं. भाजी निवडता निवडता सांगितलं, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. तीन दिवस ती बोलली नाही. माझी आई, तीन दिवस. आज सकाळी चहा ठेवायला गेले तर मला हाक मारून म्हणाली, "कागद घे आणि बस. मी सांगते तसं लिही. तुझं शहाणपण घालू नकोस."

आता पुढचं तिचं आहे.

"बाळा, मी आई. हात थरथरतो म्हणून हिच्याकडून लिहून घेतेय. दुसरं कुणी असतं तर त्याच्याकडून घेतलं असतं. तू सहा वर्षांचा असताना माझं काचेचं भांडं फोडलंस. मी तुला धांदरट म्हटलं. एकच भांडं होतं ते. त्यावरून मी तुला जन्मभर धांदरट म्हणत आले, आणि त्या बाईच्या कानाचं कळलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आईला नवल वाटायला हवं होतं. तिने म्हणायला हवं होतं की माझा मुलगा असं करणार नाही. मी म्हटलं नाही. ते माझं मला बघू दे. तुझी खोली आहे तशी आहे. हिने तिथे इस्त्रीचे कपडे रचले होते, ते आज उचलायला लावते."

मी लिहून संपवलं. आई म्हणाली, "वाचून दाखव."

वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "एक वाक्य गाळलंस."

मी म्हटलं, "नाही."

तोंडातून आपोआप गेलं, बारक्या. जिन्यात गेलं होतं तसंच. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग मी पेन पुन्हा उचललं. तिचं वाक्य असं आहे,

"हिला माफ करायची घाई करू नकोस. घरी यायची कर."